निघून गेलेल्या सूर्यदेवाविषयीं

मानवाच्या अत्यंत प्राचीन दैवतांत सूर्याची गणना होते, हें सर्वश्रुत आहे. मिसर देशांत रा, जपानांत अमातेरासु, ग्रीस देशांत हेलिओस, आणि आपल्या भरतखंडांत सविता, आदित्य, भास्कर अशा अनेक नांवांनीं त्याची आराधना झाली. ज्यांस ऊन लागतें व अंधाराची भीति वाटते, अशा लोकांस सूर्याविषयीं एखादी कथा सांगावीशी वाटावी यांत नवल नाहीं. परंतु माणूस केवळ आपल्या जगाच्या कथा सांगून स्वस्थ बसत नाहीं. तो नवीं जगें कल्पितो, त्यांत डोंगर, नद्या, नगरें व राज्यें वसवितो, आणि त्या कल्पित जगांच्या आकाशांतही एक सूर्य ठेवितो. पूर्वीं हें काम कवि व कादंबरीकार करीत असत. आज तें संगणकावरील खेळ रचणारेही करीत आहेत. अशाच एका खेळाच्या पुराणांतील एका उपेक्षित सूर्यदेवाविषयीं चार शब्द लिहावे, असा आमचा मानस आहे. खेळांतल्या देवाविषयीं एवढा विचार कशाला, असें कांहीं वडील मंडळी म्हणतील. त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं, ज्या कथेंत आजचा विद्यार्थी रमतो ती कथा त्यास काय शिकविते, व कोणता प्रश्न विचारावयाचें टाळिते, हें पाहणें निरुपयोगी नाहीं.

ज्या मालिकेविषयीं आम्ही बोलत आहों तिचें नांव 'द एल्डर स्क्रोल्स'. अमेरिकेंतील बेथेस्डा या संस्थेनें तिचा पहिला खेळ १९९४ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९९६ सालीं डॅगरफॉल, २००२ सालीं मॉरोविंड, २००६ सालीं ऑब्लिव्हियन व २०११ सालीं स्कायरिम असे मुख्य खेळ निघाले. यांत खेळणारा एक पात्र धारण करितो आणि टॅम्रिएल नांवाच्या कल्पित खंडांत यथेच्छ भ्रमण करितो. या खेळांचा एक विशेष असा कीं, त्यांतील घरांत, पाठशाळांत व पडक्या देवळांत पुस्तकें ठेविलेलीं असतात, आणि खेळणाऱ्यास तीं उघडून वाचतां येतात. त्या पुस्तकांचे लेखकही त्याच कल्पित जगांतील रहिवासी. म्हणून त्यांचें एकमेकांशीं पटत नाहीं. एक ज्यास उपकार म्हणतो, त्यासच दुसरा कपट म्हणतो. खरें काय हें खेळ रचणारे बहुधा सांगत नाहींत. निवाडा वाचकावर सोपवितात. हा त्यांचा मोठा गुण आहे असें आम्ही मानितों, आणि पुढें जी तक्रार करावयाची आहे ती याच गुणाचा आधार घेऊन करणार आहों.

त्या ग्रंथांतून जगाच्या उत्पत्तीची जी कथा निघते ती थोडक्यांत अशी. आरंभीं कित्येक आद्य आत्मे होते. त्यांपैकीं लॉर्खान नांवाच्या एकानें मर्त्य जग निर्माण करण्याची कल्पना काढिली व इतरांचीं मनें वळविलीं. परंतु घराची कल्पना सुचणें निराळें आणि घर उभें करणें निराळें. जगाचा आराखडा कोणी काढावयाचा, मापें कोणी घ्यावयाचीं? तें काम मॅग्नस नांवाच्या देवानें पतकरिलें. हाच आमच्या लेखाचा नायक होय. काम सुरू झालें, आणि लवकरच देवांच्या ध्यानांत आलें कीं, या जगास आपण जें देतों तें आपल्यांतून कायमचें जातें. त्यांचें सामर्थ्य क्षीण होत चाललें. तेव्हां अगदीं अखेरच्या क्षणीं मॅग्नसानें काम टाकून पळ काढिला. जातां जातां त्यानें आकाशास भगदाड पाडिलें. त्या भगदाडांतून पलीकडील इथीरियस नामक लोकाचें तेज आंत येऊं लागलें, आणि तें भगदाड म्हणजेच त्या जगाचा सूर्य. मॅग्नसाच्या मागोमाग त्याचे अनुयायीही निसटले. त्यांनीं पाडिलेलीं लहान भोंकें म्हणजे तारे. या तेजाबरोबर जादूची शक्तिही त्या जगांत उतरते, म्हणून मॅग्नस हा जादूचा देव समजला जातो. दुर्बीण, ग्रहतारे मोजण्याचें यंत्र व दंड हीं त्याचीं चिन्हें होत.

जे मागें राहिले त्यांची गति निरनिराळी झाली. कित्येकांनीं जग कोसळूं नये म्हणून स्वतःस त्याच्या पायांत घातलें व ते त्या सृष्टीचे नियम होऊन राहिले. कित्येकांनीं केवळ टिकून राहण्यासाठीं संतति वाढविली. ती पिढीगणिक दुबळी होत गेली, आणि तिचेच आपण वंशज आहों असें त्या जगांतील 'एल्फ' लोक सांगतात. लॉर्खानास तर शिक्षा झाली. त्याच्या देहांतून हृदय उपटून तें पृथ्वीवर फेंकण्यांत आलें.

आतां या कथेंतील नावीन्य कोठें आहे तें पाहूं. अमातेरासु भावाच्या वर्तनास कंटाळून गुहेंत जाऊन बसली, तेव्हां सर्व जग अंधारांत बुडालें, आणि देवांनीं नाचगाणें व आरसा यांच्या युक्तीनें तिला बाहेर आणिल्यावर पुनः उजाडलें. हेलिओसानें आपला रथ पुत्राच्या हातीं दिला, तेव्हां पृथ्वी होरपळून निघाली. आपल्या पुराणांत सूर्याचें तेज सोसवेना म्हणून संज्ञा आपल्या जागीं छायेस ठेवून निघून गेली, आणि पुढें विश्वकर्म्यानें सूर्यास चरकावर धरून त्याचें तेज छाटून कमी केलें. या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. सूर्य ठिकाणावर असला म्हणजे प्रकाश, तो ढळला कीं अंधार किंवा अनर्थ. मॅग्नसाच्या कथेंत याच्या अगदीं उलट आहे. तेथें देव निघून गेला म्हणून उजेड झाला. त्या जगांतील शेतकरी पहांटे उठून ज्याच्याकडे पाहतो तो सूर्य देवाचें मुख नव्हे. तें देव बाहेर पडल्याचें दार आहे. शिवाय आपल्या पुराणांत जो विश्वकर्मा व जो सूर्य हे दोन निराळे पुरुष आहेत, ते या कथेंत एकच आहेत. जगाचा कारागीर तोच जगाचा प्रकाश, आणि तोच जगांतून पळालेला. इतकी विलक्षण कल्पना खेळाच्या पुराणांत आहे, हें पाहून आम्हांस आश्चर्य वाटतें. आणि तिचा इतका अल्प उपयोग केलेला आहे, हें पाहून आश्चर्याहून अधिक खेद होतो.

उपेक्षा झाली म्हणजे काय झालें, तें नीट सांगणें आमचें कर्तव्य आहे. त्या जगांतील साम्राज्याच्या देवमंडळांत प्रारंभीं आठ देव आहेत. काल, जन्ममरण, प्रेम, सौंदर्य, उद्यम, दया, वारा व विद्या या प्रत्येकास तेथें अधिष्ठाता आहे, सूर्यास नाहीं. पुढें टायबर सेप्टिम नामक एका मर्त्य सम्राटास नववा देव म्हणून त्यांत स्थान मिळालें, तरीही मॅग्नस बाहेरच राहिला. ज्यांनीं जगासाठीं आपलें सत्त्व वेंचिलें त्यांचेंच तें मंडळ आहे, असें याचें समर्थन करितां येईल, व तें आम्हांस मान्यही आहे. परंतु मग त्या नगरांत एखाद्या वृद्धानें तरी, आपण ज्याच्या उजेडांत धान्य वाळवितों त्याचें देऊळ आपल्याकडे कां नाहीं, असें विचारावयास नको काय?

स्कायरिम या खेळांत विंटरहोल्ड येथील जादूविद्यालयाची एक दीर्घ कथा आहे. तींत सार्थल नांवाच्या भग्न नगरीच्या पोटांतून एक प्रचंड तेजोगोल सांपडतो. त्यास मॅग्नसाचा नेत्र म्हणतात. त्याच्यावर ताबा चालविण्यासाठीं मॅग्नसाचा दंड शोधून आणावा लागतो. वाचकांस वाटेल कीं, आतां तरी त्या देवाविषयीं कांहीं कळेल. परंतु नेत्र कोणाचा, तो तेथें कसा आला, पळून गेलेल्या देवानें आपली दृष्टि मागें कां ठेविली, या प्रश्नांना हात न लावतां अखेरीस एका गूढ पंथाचे लोक येतात, जग अद्याप या वस्तूस योग्य झालेलें नाहीं असें सांगतात, व ती घेऊन अदृश्य होतात. खेळणाऱ्यास विद्यालयाचें प्रमुखपद मिळतें. सूर्यदेव जेथल्या तेथें राहतो.

२०१२ सालीं याच खेळास 'डॉनगार्ड' नांवाची पुरवणी जोडण्यांत आली. तिची कथा तर सर्वस्वीं सूर्याभोंवतीं फिरते. रक्त पिणाऱ्या निशाचरांचा एक अधिपति सूर्य झांकून टाकूं पाहतो, म्हणजे त्याच्या जातीस दिवसाढवळ्या निर्भयपणें हिंडतां येईल. सूर्यावर बाण सोडावयाचा तो एका दिव्य धनुष्यानें. परंतु तें धनुष्य मॅग्नसाचें नाहीं, ऑरि-एल या दुसऱ्या देवाचें आहे, आणि त्यास सामान्यतः कालाचा देव मानितात. ज्यानें आकाशास तें भगदाड पाडिलें, त्याच्याच भगदाडावर बाण मारावयाचा आणि सर्व कथेंत स्मरण मात्र दुसऱ्याचें करावयाचें, हा प्रकार आम्हांस तरी विचित्र वाटतो.

याहून लहान पण बोलकें उदाहरण खेळाच्या नित्य व्यवहारांतलें आहे. जादूची शक्ति सूर्यावाटे व ताऱ्यांवाटे येते असें ग्रंथ सांगतात. परंतु स्कायरिमांत जादूगाराची खर्च झालेली शक्ति भर दुपारीं माळावर ज्या वेगानें भरून येते, त्याच वेगानें ती खोल खाणींत, जेथें किरणही पोंचत नाहीं तेथें, भरून येते. म्हणजे पुराण एक सांगतें आणि खेळाचा नियम दुसरें सांगतो. पुस्तकांतील सूर्यदेव खेळांत कधीं उतरलाच नाहीं, याचा हा स्पष्ट पुरावा होय.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, जो देव निघून गेला त्याच्याविषयीं कथा ती काय रचावयाची? त्याचें मौनच त्यास शोभतें. त्यास रंगभूमीवर आणिलें तर गूढता नाहींशी होईल. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. मॅग्नस स्वतः प्रकट होऊन बोलूं लागला तर आम्हांसही तें रुचणार नाहीं. परंतु अनुपस्थित देवावर उत्तम कथा रचतां येते, हें याच संस्थेनें २००२ सालीं मॉरोविंड या खेळांत सिद्ध करून दाखविलें आहे. लॉर्खानही त्या जगांत प्रत्यक्ष नाहीं; आहे तें त्याचें हृदय, एका ज्वालामुखीच्या पोटांत. त्या एका हृदयाच्या शक्तीवर कांहीं मर्त्य माणसें देव होऊन बसलीं, त्यांचा परस्परांशीं दावा लागला, एक सबंध धर्म उभा राहिला व ढांसळला. लॉर्खान स्वतः एक शब्दही बोलला नाहीं, तरी खेळणाऱ्यास त्याचा विचार करावाच लागला. जो न्याय कल्पना काढणाऱ्यास मिळाला, तो आराखडा काढणाऱ्यास कां मिळूं नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आतां मॅग्नस कां गेला, याविषयीं थोडा तर्क करूं. पहिला पक्ष असा कीं, तो भ्याला. असें असेल तर भगदाड हा केवळ अपघात ठरतो, आणि घाबरलेल्या माणसानें धांवतांना दार मोडावें तसें तें पडलें. प्रकाशाचें श्रेय त्यास देण्याचें कारण उरत नाहीं. दुसरा पक्ष असा कीं, मागें राहणाऱ्यांवर दया येऊन त्यानें जाणूनबुजून एक खिडकी ठेविली. हा पक्ष मनास गोड वाटतो, परंतु कथेस धरून नाहीं. कारण तो शेवटच्या क्षणीं गेला, व त्या जाण्याची किंमत त्यास फार जबर द्यावी लागली, असें त्या जगाचे ग्रंथ सांगतात. ज्याचें स्वतःचेंच अंग त्या दारांत सोलून निघालें, तो देणग्या वांटीत होता असें म्हणणें ओढूनताणून होईल.

आमचा कल तिसऱ्या पक्षाकडे आहे. इतर देवांनीं आपापला भाग दिला. परंतु सगळीं मापें हातांत असलेला देव एकच होता. इमारतीस किती लागेल आणि बांधणाऱ्यांपाशीं किती आहे, याचा हिशेब मॅग्नसाखेरीज कोणास मांडतां येण्यासारखा नव्हता. तो हिशेब जमेना, हें त्यास सर्वांच्या आधीं कळलें असलें पाहिजे. आंत असलेल्यांच्या बळावर हें जग टिकणार नाहीं. त्यास बाहेरून कांहीं मिळालें तरच टिकेल, हें त्याच्या ध्यानांत आलें असावें. मग तो भीतीनें गेला कीं विचारानें गेला, हा वाद फारसा महत्त्वाचा राहत नाहीं. दोन्ही कारणें एकाच मनांत एकाच वेळीं असूं शकतात. महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. त्यानें जाण्यापूर्वीं इतरांस सांगितलें काय?

आमच्या मतें सर्व कथेचें मर्म या प्रश्नांत आहे, आणि मुख्य खेळांपैकीं एकानेंही तो आपल्या कथेचा विषय केलेला नाहीं. एल्फ लोकांस निर्मिति हीच मुळीं फसवणूक वाटते, म्हणून वेळेवर निसटलेला मॅग्नस त्यांस शहाणा वाटतो. मानव निर्मितीस देणगी समजतात, म्हणून त्यांचें लक्ष लॉर्खानाकडे लागतें, व मॅग्नस त्यांच्या हिशेबांत येत नाहीं. परंतु धरणाचा नकाशा काढणाऱ्यास भिंत टिकणार नाहीं असें कळलें, तर त्यानें रातोरात गांव सोडून जावें काय? एखाद्या संस्थेची घटना लिहिणारा, एखादा कायदा रचणारा, शाळेचा पाया घालणारा, यांच्यावरही हा प्रसंग येतो. आपणच सुरू केलेलें काम त्यांत पडलेल्या माणसांस खाऊन टाकणार, असें दिसूं लागल्यावर कर्त्यानें तेथेंच राहून इतरांबरोबर झिजावें, कीं बाहेर पडावें? उद्यां ज्या विद्यार्थ्यांस मोठीं कामें करावयाचीं आहेत त्यांनीं याचा विचार आजच केलेला बरा.

आमचा अभिप्राय आम्ही स्पष्टपणें नमूद करितों. बाहेर पडणें नेहमींच निंद्य नाहीं. कधीं कधीं बाहेर गेलेल्यानेंच आंत राहिलेल्यांस मदत होते, आणि कोंडलेल्या जागेंत वारा येण्यासाठीं कोणीतरी भिंत फोडावीच लागते. परंतु मुकाट्यानें बाहेर पडणें क्षम्य नाहीं. ज्याच्या हातीं मापें होतीं, त्यानें हिशेब सर्वांपुढें मांडावयास हवा होता. मग ज्यास राहावयाचें तो समजून उमजून राहिला असता. मॅग्नसानें तो मांडिला असेल, तर तो मोठा देव होय. नसेल, तर त्याच्या प्रकाशांत वावरणाऱ्यांनीं त्याचे उपकार मानावे व त्याचा दोषही सांगावा. उपकार मानणें व दोष सांगणें या दोन गोष्टी एकाच तोंडीं शोभत नाहींत असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. आणि जे देव मागें राहून सृष्टीच्या पायांत मुरले, ज्यांचीं नांवेंही सामान्य खेळणाऱ्यास ठाऊक नाहींत, त्यांचें स्मरण सूर्याकडे पाहतांना आधीं व्हावें, असें आमचें मत आहे. कारण उजेड पडावयास खालीं जमीन लागते, आणि ती जमीन त्यांची आहे.

मालिकेच्या सहाव्या खेळाची घोषणा २०१८ सालीं झाली. तो अथवा त्यापुढील कोणताही खेळ रचतांना तिच्या कर्त्यांनीं पुढील गोष्टी केल्या तर बरें होईल. एखाद्या खेड्यांत मॅग्नसाचें लहानसें देऊळ असावें. त्यांत मूर्ति नसावी. छपरास एक भोंक असावें व त्यांतून पडणारा कवडसा जमिनीवर जेथें येईल तेथें लोकांनीं फुलें वाहावीं. त्या देवळांत दोन पुजारी असावेत. एकानें देवास तारणारा म्हणावें, दुसऱ्यानें पळपुटा म्हणावें, आणि दोघांनींही रोज सकाळीं दार मात्र मिळून उघडावें. खाणींत उतरलेल्या जादूगाराची शक्ति मंदावावी, म्हणजे जें ग्रंथांत आहे तें खेळणाऱ्याच्या अंगीं येईल. आणि कोठेंतरी एक जुना कागद सांपडावा, ज्यावर मापें व बेरजा असाव्यात, आणि त्याखालीं इतर देवांस उद्देशून लिहिलेली एखादी ओळ असावी. किंवा ती जागा मुद्दाम कोरी ठेविलेली असावी. त्यांपैकीं काय खरें, हें रचणाऱ्यांनीं सांगूं नये.

असो. खेळ हा खेळच आहे, आणि त्यांतील देव कोणाच्या उपासनेचा विषय नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि जे विद्यार्थी सुटीच्या दिवसांत त्या जगांत हिंडतात त्यांस आमची एवढीच सूचना आहे कीं, राक्षस मारून झाल्यावर एखाद्या टेंकडीवर थोडा वेळ उभें राहावें, तेथील सूर्य उगवतांना पाहावा, आणि या वाटेनें जो गेला तो आपल्या सोबत्यांस कांहीं सांगून गेला असेल काय, याचा विचार करावा. त्यांचें उत्तर आमच्या उत्तराहून निराळें आलें, तर पुढील अंकासाठीं तें अवश्य लिहून पाठवावें.